बऱ्हाणपुरी घरातला पाम

तापीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूर शहरात घराच्या आत पाम वाढवू इच्छिणाऱ्या गृहस्थाने खत, कुंडी आणि जात या गोष्टींचा विचार करण्यापूर्वी दोन बाबींची रुजवात घालावी : पहिली, आपल्या नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात चुना किती आहे, आणि दुसरी, वैशाख-ज्येष्ठात वाहणारी लू आपल्या घराच्या कोणत्या दारा-खिडकीतून आत शिरते. रोपवाटिकेतून हिरवेगार आणलेले झाड पहिल्याच उन्हाळ्यात टोकांकडून करपू लागते, मग पिवळे पडते आणि पुढच्या होळीपर्यंत कुंडीत नुसत्या काड्या उरतात, हा अनुभव शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत कितीतरी घरांतून आलेला आहे. आणि त्याचे कारण शोधू गेल्यास ते बहुतेक वेळा याच दोन बाबींपाशी येऊन थांबते.

ताडवर्गाचे कूळ फार मोठे आहे. अडीच हजारांहून अधिक जातींच्या या परिवारात आपल्या नित्य परिचयाचे नारळ, पोफळी, ताड, शिंदी आणि भेरलीमाड हे सगळे येतात. परंतु यांपैकी बहुतेक उघड्या आकाशाचे, भर उन्हाचे वृक्ष असल्यामुळे घरातील मंद प्रकाशात त्यांचा निभाव लागत नाही. मोड आलेला नारळ कुंडीत लावून दिवाणखान्यात ठेवण्याची हौस अलीकडे दिसते. नारळाच्या पोटातील शिदोरी पुरते तोवर ते रोप टवटवीत राहते आणि ती सरल्यावर, प्रकाशाअभावी, हळूहळू खंगत जाते. घरात नांदतात त्या जाती मूळच्या दाट अरण्यातल्या, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या : मेक्सिको व ग्वातेमालाच्या जंगलांतला टेबल पाम, दक्षिण चीनमधला रापिस, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस समुद्रात एकट्या पडलेल्या लॉर्ड हॉव बेटावरचा केंटिया. सर्वांत अधिक विकला जाणारा अरेका पाम मादागास्करचा. त्याला या तिघांहून अधिक उजेड लागतो, आणि सुपारीच्या झाडाशी त्याचे नाते दूरच्या भावकीपलीकडे नाही. रोपवाटिकांत पामांच्या रांगेत मांडलेला सायकस मात्र पामच नव्हे. तो देवदार-चीड यांच्यासारख्या अनावृतबीज वनस्पतींच्या गोटातला आहे, त्याची बी आणि पाने विषारी असतात, म्हणून कुत्र्या-मांजरांच्या घरात तो ठेवू नये.

घरात किंवा काचघरात पाम जतन करण्याची विद्या मुख्यतः थंड मुलुखांत वाढली. इटलीतील पादुआ येथील वनस्पती-उद्यानात १५८५ साली लावलेला एक बुटका पाम आजही आपल्या स्वतंत्र काचघरात उभा आहे. जर्मन कवी ग्योथे १७८६ मध्ये तेथे गेला असता त्याच्या पानांची निरनिराळी रूपे पाहून वनस्पतींच्या रूपांतराविषयीच्या त्याच्या विचारांना चालना मिळाली, आणि तेव्हापासून ते झाड त्याच्याच नावाने ओळखले जाते. लंडनजवळच्या क्यू उद्यानातील लोखंड-काचेचे भव्य पामगृह १८४४ ते १८४८ या काळात उभे राहिले. त्याच्या थोडे आधी, १८२९ मध्ये, नाथानिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टराला बंद बाटलीतल्या ओलसर मातीत आपोआप उगवलेले नेचे दिसले, त्यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या बनवल्या, आणि अशा पेट्यांतून उष्ण देशांतील रोपे महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासातही जिवंत पोहोचू लागली. पुढे केंटियाने युरोपातील धनिकांचे दिवाणखाने व्यापले. हा सारा इतिहास थंडीशी केलेल्या झुंजीचा आहे. झाडाला ऊब कशी द्यावी, दक्षिणेच्या खिडकीत ऊन कसे मिळवावे, हिवाळ्याच्या बर्फापासून त्याचा बचाव कसा करावा, हे त्या लोकांचे प्रश्न होते. आणि त्यांच्या पुस्तकांतून उतरलेला उपदेश आजही आपल्याकडे जसाच्या तसा फिरत असतो. बऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांच्या आसपास खेळत असता, दुपारची हवा हाडे वाळवील इतकी कोरडी असता, तो उपदेश अंमलात आणणे म्हणजे झाडाची हानी आपल्या हाताने करणे होय. येथील प्रश्न निराळे, आणि सुदैवाने त्यांची उत्तरे या प्रदेशाच्या जुन्या अनुभवात मुबलक सापडतात.

मात्र त्याआधी पामाची देहरचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण या झाडाच्या सेवेतील अर्धे नियम तिच्यातूनच निघतात. आंबा, लिंब किंवा वड यांच्या सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो. त्यामुळे खोड दरवर्षी जाड होते, जखम भरून येते, आणि शेंडा छाटला तर खालून नवे फाटे फुटतात. पाम हे गवत-केळीप्रमाणे एकदल झाड असल्यामुळे त्याच्या खोडात हा थर नसतो. त्याच्या एका खोडाला वाढीचे एकच केंद्र, ते म्हणजे शेंड्याच्या आत पानांच्या देठांनी वेढलेला कोवळा कोंब. तो कोंब कुजला, मोडला किंवा उंची कमी करण्याच्या हेतूने कापला, की ते खोड कायमचे संपते. त्यावर दुसरा कोंब येत नाही. अरेका आणि रापिस यांना बुडापासून अनेक खोडे येतात म्हणून एक गेले तरी झाड उरते. एकेरी खोडाच्या जातींत ती सवलत नाही. खोडावर खिळ्याने किंवा तारेने झालेली जखमसुद्धा जन्मभर तशीच राहते, म्हणून पामाला आधाराची काठी बांधायची तर मऊ सुतळीने, सैल बांधावी.

हा कोंब ज्याला जवळून पाहायचा असेल त्याने शेंड्याच्या मध्यभागी उभे असलेले, अद्याप न उलगडलेले पान न्याहाळावे. ते भाल्यासारखे टोकदार, फिक्या हिरव्या रंगाचे आणि पंख्याच्या घड्यांप्रमाणे आतल्या आत दुमडलेले असते. पान उमलते तेव्हा याच घड्यांच्या रेषांवर ते विलग होऊन त्याची पाती होतात. केळीचे पान अखंड उमलते आणि मग वाऱ्याने फाटते. पामाचे पान विभागलेलेच बाहेर येते. हा भाला ताठ आणि घट्ट असेल तर झाड निरोगी समजावे. बोटांनी हलके ओढताच तो हातात आला, त्याचे बूड तपकिरी व चिकट निघाले आणि त्याला कुजकट वास आला, तर त्या खोडाचा हिशेब संपला असे जाणावे. म्हणूनच पामाला पाणी नेहमी मातीत घालावे. शेंड्याच्या पोकळीत ओतून साचू देऊ नये.

मुळांचीही अशीच गोष्ट. पामाला सोटमूळ टिकत नाही. खोडाच्या बुडापासून दोरीसारखी सारख्या जाडीची अनेक मुळे निघतात आणि ती वयाबरोबर जाड होत नाहीत. मुळांची ही जुडगी कुंडीत दाटलेली पामाला चालते. दर वर्षी कुंडी बदलण्याचा उत्साह त्याला मानवत नाही. दोन-तीन वर्षांनी, मुळे तळाच्या भोकातून बाहेर डोकावू लागल्यावर, दोनच बोटे मोठी कुंडी घेऊन, मुळांचा गोळा न फोडता त्याला आत बसवावे आणि खोड पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवावे.

आता पाण्याकडे वळू. बऱ्हाणपूरकरांना पाण्याचा धडा शिकण्यासाठी परगावी जाण्याची गरज नाही. जहांगीराच्या अमदानीत, अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत, १६१५ साली येथे कुंडी भंडाऱ्याची रचना झाली : सातपुड्याच्या उतारावर जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गाने अडवून, केवळ उताराच्या बळावर, एकही मोट वा चाक न लावता शहरापर्यंत आणण्याची ही इराणी पद्धतीची योजना. शंभराच्या आसपास उभ्या कुंड्या एकीला एक भुयाराने जोडलेल्या आहेत, आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचे नाव दाखल झाले. लालबागेजवळ या भुयारात उतरून जो भिंतींकडे पाहील त्याला त्यांवर चढलेली चुन्याची पांढुरकी पुटे दिसतील. पाणी खडकांतून व चुनखडीच्या खड्यांतून झिरपताना हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइडच्या साह्याने चुना विरघळवून घेते आणि मोकळी हवा मिळताच तो पुन्हा टाकून देते. भुयाराच्या भिंतीवर शतकांत जे घडले तेच कुंडीतल्या मातीत काही महिन्यांत घडते. कारण झाड पाणी शोषून घेते, उन्हाळा उरलेले पाणी उडवून नेतो, आणि क्षार मात्र जागचे हलत नाहीत.

मातीच्या कुंडीच्या बाहेरून पांढरा, खरखरीत खार फुटलेला दिसला, की आतल्या मुळांची अवस्था ओळखावी. या खाराचे परिणाम दोन. मुळांभोवती क्षार वाढल्याने त्यांना पाणी ओढून घेणे अवघड होते, आणि पानाचे सर्वांत दूरचे अंग जे टोक, ते प्रथम तपकिरी होऊन वाळते. मालक ते पाहून झाड तहानलेले समजतो व आणखी तेच पाणी घालतो. दुसरा परिणाम अधिक छुपा आहे : चुनखडी पाण्याने माती अल्कधर्मी होत जाते, आणि अशा मातीत लोह व मँगनीज असूनही मुळांना मिळत नाहीत, मग नवी पाने शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा अशी निघतात, किंवा आखूड व चुरगळलेली येतात. येथे जुन्या व नव्या पानांतला भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नवे पान पिवळे तर लोह-मँगनीजचा किंवा कोंदट मुळांचा दोष. जुन्या पानावर नारिंगी ठिपके येऊन ते टोकाकडून सुकू लागले तर पालाश कमी. जुन्या पानाची कड पिवळी आणि मधला पट्टा हिरवा राहिला तर मॅग्नेशियम कमी.

यावर उपाय साधा आणि विनामूल्य आहे : पावसाचे पाणी. मृग-आर्द्रेच्या सरी सुरू झाल्या, पहिल्या एक-दोन पावसांत गच्चीवरची धूळ वाहून गेली, की पन्हळीखाली स्वच्छ पिंप लावून हे पाणी भरावे आणि झाकून ठेवावे. शक्य तर कुंड्याच दोन-तीन पावसांत ओसरीबाहेर ठेवाव्यात. तळाच्या भोकातून पाणी मोकळे वाहून गेले म्हणजे वर्षाचा खार धुऊन निघतो. परंतु पाऊस उघडून ऊन पडताच त्या पुन्हा सावलीत घ्याव्यात, कारण घरातल्या उजेडाला सरावलेले पान थेट उन्हात एका दुपारीच पांढरे पडून भाजते आणि भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उन्हाळ्यात पावसाचे पाणी संपले तर नळाचे पाणी उकळून, थंड करून, तळाशी बसलेला चुना मागे ठेवून वरचे वापरावे. उकळल्याने पाण्यातील चुन्याचा बराच भाग खाली बसतो. शुद्धीकरण यंत्रातून पिण्यासाठी निघालेले पाणी चालते, पण त्याच यंत्राच्या सांडनळीतून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असल्याने ते पामाला घालू नये.

याच संदर्भात कूलरविषयी सांगणे अगत्याचे आहे. आपल्या भागात चैत्र सरताच घरोघर कूलर सुरू होतात, आणि आठवड्याने टाकी रिकामी करताना तळाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते कुंड्यांत ओतण्याचा प्रघात आहे. हे पाणी दिवसरात्र उडून उडून आटलेले असते. जे उडाले ते शुद्ध, जे उरले त्यात साऱ्या टाकीचा खार. कूलरच्या जाळीवर व गवतावर जमणारे पांढरे पापुद्रे त्याची साक्ष देतात. काटकसरीच्या सद्‍भावनेने केलेले हे काम पामाला फार महाग पडते. ते पाणी अंगण धुण्यास वापरावे.

पाणी किती व केव्हा, याचे वेळापत्रक कुणी कुणाला बांधून देऊ नये. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावी. ओल लागली तर थांबावे, कोरडी लागली तर तळातून निथळेपर्यंत भरपूर घालावे आणि ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून द्यावे. पौष-माघात, रात्रीचा गारठा १० अंशांच्या जवळ येतो तेव्हा, झाडाची वाढ मंदावते आणि पाणीही निम्म्यावर आणावे लागते. घरातले पाम तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याने अधिक मरतात.

वाऱ्याचा बंदोबस्त कसा करावा हे येथील केळीच्या बागाईतदारांना विचारावे. रावेर-बऱ्हाणपूरच्या पट्ट्यात केळीबागेच्या कडेने शेवरीची दाट ओळ लावतात, ती उन्हाळ्यातील उष्ण वारा अडवण्यासाठीच. लू पानातील ओलावा इतक्या वेगाने ओढून घेते की मुळे ओल्या मातीत असूनही तो भरून काढू शकत नाहीत. म्हणून केवळ पाणी वाढवून हा प्रश्न सुटत नाही, वारा अडवावाच लागतो. घरात शेवरीची जागा वाळ्याचा पडदा घेतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपून भर उन्हाळ्यात गारवा निर्माण करण्याची अकबराच्या काळची रीत अबुल फज्लने आईने-अकबरीत नोंदवून ठेवली आहे. तीच ताटी पश्चिमेच्या खिडकीला लावली की माणूस आणि पाम दोघांचाही निर्वाह होतो. कूलरची हवाही उपकारक आहे, कारण तीत ओलावा असतो. मात्र झाड तिच्या थेट झोतात न ठेवता खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवावे. वातानुकूलन यंत्र मात्र हवा कोरडी करते, त्याच्या समोर पाम कधीही ठेवू नये. खडे-पाण्याची ताटली कुंडीखाली ठेवण्याचा जो सल्ला सर्वत्र दिला जातो त्याचा उपयोग येथील कोरडेपणापुढे नगण्य आहे. त्याऐवजी चार-पाच कुंड्या जवळ जवळ मांडाव्यात आणि सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर स्वच्छ पाण्याचा फवारा मारावा, ज्याने कोरड्या हवेत माजणारा लाल कोळीही आटोक्यात राहतो. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे. बहुधा तेवढ्याने भागते.

उजेडाच्या बाबतीत शहराचे स्थान विचारात घ्यावे. बऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१.३ अक्षांशावर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास, येथे बरोबर डोक्यावर येतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचे ऊन आत येतच नाही; उलट मार्गशीर्ष-पौषात, मध्यान्हीचा सूर्य ४५ अंशांपर्यंत खाली उतरतो तेव्हा, तेच ऊन खोलीत दूरवर पसरते. थंड देशांच्या पुस्तकांत गौरवलेली दक्षिणेची खिडकी म्हणूनच येथे हिवाळ्यापुरती उपयोगाची. बारमाही उत्तम जागा पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन हातांवरची, आणि तिच्याहूनही उत्तम म्हणजे जुन्या वाड्यांतील चौकाची ओसरी, जेथे आकाशाचा उजेड वरून सौम्यपणे उतरतो, चारी भिंती लू अडवतात आणि फरशी सकाळी धुतली की दुपारपर्यंत गारवा टिकतो. इतवाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत असे चौक अद्याप उरले आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी पाम दिवाणखान्यात नेण्याचा मोह टाळावा. पश्चिमेची खिडकी कोणत्याही जातीला देऊ नये.

मातीविषयी थोडक्यात. आपली काळी कपाशीची जमीन शेतात कितीही सकस असली तरी कुंडीत ती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगाळलेला ढेकूळ होते. तिचा एक भाग, दोन भाग जाड नदीची वाळू, दोन भाग नारळाच्या काथ्याचा भुगा आणि एक भाग जुने कुजलेले शेणखत, असे मिश्रण पामाला मानवते. काथ्याचा भुगा आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा, कारण त्यातही मीठ असते.

खताच्या बाबतीत तर हा जिल्हा भाग्यवान म्हटला पाहिजे. पामाला नत्राच्या जोडीने पालाश भरपूर लागतो, आणि केळीचे खोड हे पालाशाचे भांडार आहे. घड कापल्यावर बांधावर टाकून दिलेल्या खोडांचे तुकडे करून, शेण व पालापाचोळ्यात पाच-सहा महिने पूर्ण कुजवून जे काळे, भुसभुशीत खत तयार होते, त्याची मूठभर मात्रा आषाढात आणि आणखी मूठभर आश्विनात, एवढे एका मध्यम कुंडीस पुरे. ताजे खोड मात्र घालू नये. त्यात बहुतांश पाणीच असते आणि ते कुजताना मुळांना त्रास देते. मॅग्नेशियम कमी पडल्याची खूण दिसली तर लिटरभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून एकदा द्यावे व परिणाम नव्या पानांत पाहावा. बिघडलेले जुने पान सुधारत नाही. तरीही ते पान पूर्ण वाळेपर्यंत कापू नये. झाड त्या जुन्या पानातील पालाश व मॅग्नेशियम काढून नव्या पानाकडे पाठवीत असते. अर्धे पिवळे पान शोभेसाठी कापले की ती रसद तुटते आणि पिवळेपणा पुढच्या पानावर चढतो.

पाम घरातील हवा शुद्ध करतो या प्रचाराविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी झालेले प्रयोग लहान, बंद पेट्यांतले होते. दारे-खिडक्या असलेल्या घरात हवेच्या येण्याजाण्याने जेवढी शुद्धी होते तिच्या तुलनेत दोन-चार कुंड्यांचा हिस्सा जाणवण्याइतकाही नसतो, असे पुढील पडताळणीत ठरले. पाम घरात ठेवावा तो त्याच्या सौष्ठवासाठी; भर वैशाखात, बाहेर सारे करपलेले असता, डोळ्यांना मिळणारा तो हिरवा विसावा हेच त्याचे पुरेसे समर्थन आहे.

आता निवडीविषयी माझे मत. बऱ्हाणपुरातील घरासाठी पहिली पसंती रापिसला द्यावी. तो सावकाश वाढतो म्हणून महाग असतो. पण कमी उजेड, हिवाळ्याचा गारठा आणि मालकाचे अधूनमधून होणारे दुर्लक्ष हे तिन्ही तो सोसतो, आणि जपानात एदो काळापासून कुंडीतच पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेलेला असल्याने कुंडीची त्याला सवय आहे. टेबल पाम लहान घरास योग्य. अरेका ज्यांना हवाच असेल त्यांनी रोपवाटिकेतील कुंडीत किती कोंब दाटीने लावले आहेत ते पाहावे. झुडूप भरगच्च दिसावे म्हणून बरीच बी-रोपे एकत्र कोंबलेली असतात आणि त्यांतली दुबळी पुढे आपसूक मरतात, तेव्हा काही काड्या वाळल्या तर धास्ती बाळगू नये. कोणतीही जात घ्या, पण चैत्र-वैशाखात घेऊ नका. कोकणातून किंवा दक्षिणेकडून दमट हवेत वाढून आलेल्या रोपास आपल्या हवेशी जमवून घेण्यास अवधी लागतो. तो जुलै-ऑगस्टात मिळतो, म्हणून रोप तेव्हाच घ्यावे, आणि त्याच दिवशी पन्हळीखाली पिंपही लावावे.